कोठाशुद्धी महाराजांच्या बरण्या

लांबलचक टेबलावर पांढरी चादर अंथरली होती. चादरीवर काचेच्या बरण्या, बरण्यांत पाणी, आणि पाण्यात माणसांच्या पोटातून पडलेली घाण. दोरखंडासारखी, करड्या-पांढऱ्या रंगाची, वेटोळी घातलेली. प्रत्येक बरणीला झेंडूची माळ आणि समोर उदबत्ती.

मध्य प्रदेशातल्या बालाघाटचे लोक रांग लावून ती घाण पाहत होते. बायका एका हाताने नाकाला पदर लावत आणि दुसऱ्या हाताने लेकराला उचलून दाखवत, "देख बेटा, ये पेट में था!" एक म्हातारा तर बरणीला हात जोडून पुढे सरकला.

१९८६ सालचा हिवाळा. धान कापून झालं होतं, लोकांना सवड होती. एका बंद पडलेल्या राइस मिलच्या आवारात मंडप उभारला होता आणि कर्ण्यावरून कोठाशुद्धी महाराज गरजत होते.

"माताओं, बहनों! तुम समझते हो गैस है. गैस नहीं, फफूँद है! मराठीत सांगतो, बुरशी! पोटात बुरशीचं झाड उगवलंय, त्याची मुळं मेंदूपर्यंत गेलीत. डोकं दुखतं? बुरशी! सुनेशी पटत नाही? बुरशी! मुलगा मॅट्रिकला नापास झाला? आईच्या पोटात बुरशी!"

टाळ्या पडल्या. मुलगा नापास झालेल्या आयांनी जरा जास्तच जोरात वाजवल्या.

महाराजांचा इलाज सोपा होता. चालू असलेली सगळी औषधं बंद. कोठाशुद्धी चूर्ण पाण्यात कालवून प्यायचं, वरून मध चाटायचा, बाकी जवळपास उपास. "सब कुदरती है," महाराज म्हणत, "कुदरत कभी धोखा नहीं देती." चूर्ण सुरू केलं की बुरशी दोरीसारखी बाहेर पडायची. ती धुऊन, बरणीत घालून आणून दाखवायची.

मी ललिता, इथल्या मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवते. त्या मंडपात मी गेले होते ती माझ्या मावशीला शोधायला. माझी आई लवकर गेली, चंपामावशीनेच मला वाढवलं. ती लांजीजवळच्या खेड्यात राहायची. तिच्या जिभेवर दह्यासारखा पांढरा थर चढला होता. घास गिळताना डोळ्यांत पाणी यायचं. शिवाय अंगाला अशा जागी खाज सुटायची की ती मलाही धड सांगत नव्हती. तिला साखरेचा आजार होता, गोळ्या चालू होत्या. म्हणून मी तिला दाखवायला शहरात आणलं. पण मी शाळेत असताना आमचे शेजारी बंडोपंत तिला महाराजांकडे घेऊन गेले. बंडोपंत जंगल खात्यातून निवृत्त झालेले, आणि आता मंडपातले मुख्य सेवेकरी.

"मावशी, गोळ्या काहून बंद केल्या?" मी विचारलं होतं.

"महाराजानं सांगतलं. गोळ्याईनंच बुरशी वाढते म्हणे. हे पाय, आज केवढी पडली!" तिने पळसाच्या पानावर ठेवलेलं ते वेटोळं माझ्यासमोर धरलं. चेहऱ्यावर अभिमान. मी तोंड फिरवलं.

"अन् मध काहून खातं? तुले साखर हाय ना?"

"मध निसर्गाचा हाय, पोरी. साखर कारखान्याची. तू शिकली म्हणून मलेच शिकवून राह्यली काय?"

त्या दिवशी मंडपात मला मावशी दिसली ती टेबलाच्या टोकाशी, हात जोडून उभी. तिची बरणी बाकीच्यांपासून वेगळी ठेवली होती आणि एकट्या तिलाच माळ नव्हती. महाराजांनी ती चिमट्याने उचलली.

"ये देखो! सगळ्यांत काळी, सगळ्यांत जुनी. जैसा मुहल्ला, वैसा खाना. जैसा कुल, वैसी फफूँद!"

माझ्या घरी राहणारी मावशी कोणत्या मोहल्ल्यातली, कोणत्या जातीची, हे गर्दीला सांगावं लागलं नाही. पुढच्या दोघी बायका पदर सावरून मागे सरकल्या. मावशी मात्र तशीच हसत उभी होती. तिला वाटलं असावं, औषध लागू पडलं म्हणून महाराज तिचं कौतुक करताहेत. त्या टेबलावरच्या सगळ्या बरण्यांहून मला ते बोलणं घाण वाटलं.

मी तिचा हात धरून तिला घरी आणलं. पण गोळी काही तिने घेतली नाही. त्या आठवड्यात ती घागरीमागून घागर पाणी पिऊ लागली, लघवीसाठी अंगणात जाऊन-येऊन थकू लागली. एका सकाळी चुलीपुढे बसल्या बसल्या कलंडली. श्वास खोल, धापा टाकल्यासारखा, आणि तोंडाला सडक्या फळाचा वास. रिक्षात घालून मी तिला दवाखान्यात नेलं.

डॉक्टर शरदचंद्र हे कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी सलाइन लावलं, इन्शुलिन दिलं. मग लघवीचे थेंब निळ्या द्रावणात टाकून नळी तापवली. निळा रंग बघता बघता विटकरी झाला.

"साखर केवढी आहे पाहा. आणि हा जिभेवरचा पांढरा थर आहे ना, तो खरोखरच बुरशी आहे."

"म्हणजे महाराज खरं बोलत होते?" मी चक्रावले.

"रोगाचं नाव तेवढं खरं. ही बुरशी थोडीफार सगळ्यांच्याच अंगावर असते, गप्प असते. साखर वाढली की तिचं फावतं. तोंडात येते, नाजूक जागी येते. साखर आटोक्यात ठेवायची आणि हे जांभळं औषध जिभेला लावायचं, जाते. तुमच्या महाराजांनी गोळ्या बंद करून वर मध चाटवला. म्हणजे तणाला खत घातलं."

"मग ते दोरखंड?"

"बुरशी अशी दोरखंडासारखी पडत नाही. ते काय आहे, चूर्ण पाहिल्याशिवाय कसं सांगू?"

कपडे आणायला मी घरी गेले. मोरीपाशी मावशीचा ग्लास होता. अर्धं चूर्ण पिऊन तिने तो तसाच ठेवला होता. मी धुवायला उलटा केला, तर आतलं खाली पडेना. घट्ट, गिळगिळीत गोळा. मी बोटाने काढला, चोळला. इसबगोलाची सालं सरळ ओळखू आली. आणि बोटांवर उरली ती चिकण माती.

इसबगोल पाणी पिऊन फुगतो, माती त्याला बांधून धरते. आतड्यातून सरकताना त्यातलं पाणी शोषलं जाणार, आणि आतड्याच्या आकाराचीच दोरी बाहेर पडणार. जे तोंडावाटे आत गेलं, तेच खालून बाहेर येत होतं!

पण नुसतं सांगून कोण ऐकणार? माझ्याकडे एक जुना परकर होता. त्याचा नेफा मी कापून घेतला, म्हणजे कापडाची नळीच झाली. चूर्ण पाण्यात कालवून नेफ्यात भरलं, दोन्ही टोकं बांधली आणि चुलीतल्या थंड राखेत पुरून ठेवलं. राखेने पाणी ओढून घेतलं. दुसऱ्या दिवशी नेफा उसवला, तर आतून निघाली करडी-पांढरी, सुरकुतलेली, रबरासारखी दोरी. मी ती बरणीत घातली आणि मंडप गाठला.

महाराजांनी बरणी उजेडात धरली आणि डोळे मोठे केले.

"बाप रे! बहुत पुरानी है. किसकी है, बेटी?"

"घरातलीच आहे, महाराज. बोलता येत नाही तिला."

"कैसे बोलेगी! जड़ गले तक पहुँच गई है. खानपान?"

"आजवर काही खाल्लं नाही."

"उपास से नहीं जाती ये. पिछले जनम का पाप है. दुगुना चूर्ण लगेगा!"

मी कर्ण्याच्या माइकसमोर गेले, पिशवीतून कापलेला परकर काढला आणि दोन्ही हातांनी उंच धरला.

"ही ती रोगी. हिला पोट नाही, गळा नाही, मागचा जन्म नाही. हिच्या नेफ्यात मी महाराजांचं चूर्ण भरलं, त्याची ही बुरशी झाली!"

आधी कोणीतरी बाई फिसकन हसली. मग सगळे पुढे सरकले. मी चूर्ण कसं भरलं, राखेत कसं पुरलं, सगळं सांगितलं. मावशी दवाखान्यात का आहे, तेही सांगितलं.

"नास्तिक औरत!" महाराज ओरडले. "विद्या को अपवित्र किया!"

बंडोपंत पुढे आले. चेहरा उतरलेला. "ललिता, मंग माह्या पोटातून इतके दिवस काय पडलं?"

"तुम्ही जे गिळलं तेच, काका. ग्लासात कालवून पाहा."

त्यांनी महाराजांच्याच डब्यातलं चूर्ण घेतलं, पाण्यात कालवलं. आम्ही थांबलो. थोड्या वेळाने त्यांनी सगळ्यांसमोर ग्लास उलटा केला. थेंबही सांडला नाही. बंडोपंतांनी स्वतःची बरणी उचलली, बाहेर नेली आणि नालीत ओतली. येताना त्यांच्याने माझ्याकडे बघवेना.

तेवढ्यात मागच्या बाजूला मेटाडोरचं इंजिन सुरू झालं. महाराज कर्णासुद्धा न काढता गेले. इतकं होऊनही एक बाई माझ्यापाशी येऊन हळूच म्हणाली, "थोडा चूरन बचा हो तो दे दो ना."

मावशीची जीभ जांभळी होऊन मग हळूहळू गुलाबी झाली. ती भात गिळू लागली तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. महाराज तिच्याबद्दल काय बोलले ते मात्र गाळलं.

"ते बी सांग ना," ती म्हणाली. "मले समजलं होतं तो काय बोलून राह्यला ते. म्या काय बहिरी हाव? जीभ बरी होईल म्हणून ऐकून घेतलं."

मला तिच्याकडे पाहवेना. दुखणं माणसाला किती झुकवतं! त्याचं दुखणं खरं असतं, म्हणून तर तो फसतो.

पोटाला जरूर जपा. ताक प्या, पेज प्या, भाजीपाला खा, गोडावर ताबा ठेवा. बद्धकोष्ठ असेल तर इसबगोलही घ्या, त्यात काही वाईट नाही. पण चालू औषध सोडा म्हणणाऱ्याच्या वाऱ्याला उभे राहू नका. आणि पोटातून चमत्कार काढून दाखवणारा कोणी भेटला, तर त्याचं औषध तोंडात घालण्याआधी एकदा भांड्यात घालून पाहा.