झाकण सैल करा

आमचे कात्रीसर वाईट नव्हते. वाईट माणसापासून आपण चार हात लांब राहतो. सरांचं कौतुक मात्र हवंहवंसं वाटायचं, आणि घोळ तिथेच होता.

जीवरसायनशास्त्राच्या आमच्या वर्गाला ते शास्त्रीय लेखन शिकवायचे. "पाल्हाळ नको," म्हणत आणि वाक्यांवर लाल पेन चालवत. "वाचणारा शास्त्रज्ञ आहे. त्याला घास भरवू नका." त्यांची परीक्षाही त्यांच्यासारखीच होती. एकाने प्रयोगाची पद्धत लिहायची, सामान स्वतः मांडायचं आणि काचेच्या भिंतीपलीकडे जाऊन बसायचं. दुसऱ्याने कागदावर असेल तेवढंच करायचं, स्वतःची अक्कल पाजळायची नाही. पद्धत फसली तर पुन्हा लिहून देता यायची. पण लिहिणारा काचेपलीकडून बोलला, की शून्य.

चिठ्ठ्या निघाल्या तेव्हा ताईची पद्धत माझ्या वाट्याला आली. मी खूश झाले. ताई माझी आतेबहीण. माझ्याहून जेमतेम काही महिन्यांनी मोठी, पण आत्याच्या घरी राहायचं तर ताई म्हणायचं, असा हुकूमच होता. आम्ही एका खोलीत झोपायचो, एका वर्गात बसायचो. हुशारी मात्र वाटून घेतली नव्हती. ती सगळी तिच्याकडे. वर्षाअखेर सर एकाच विद्यार्थ्याला आपल्या संशोधनगटात घेत, आणि ती जागा ताईला हवी होती. तिला दुसरं काही हवं असलेलं मी कधी पाहिलंच नव्हतं.

जेवणाच्या टेबलावर बसून ती लिहायची आणि कापायची. आत्या म्हणाली, "अगं, लिहितेयस की कापणी चाललीय? थोडं तरी शिल्लक ठेव!" आम्ही हसलो. प्रयोग साधा होता. पांढरी पूड पाण्यात घालून बाटलीचं झाकण घट्ट लावायचं, हलवायचं, मायक्रोवेव्हमध्ये उकळायचं आणि साच्यात ओतायचं. थिजलं की जेल तयार. त्यात हलवणं आणि उकळणं यांच्यामध्ये ताईने आधी तीन शब्द लिहिले होते: झाकण सैल करा. ते तिने कापले. एवढं कुणालाही कळतं, असं तिला वाटलं. सुट्टीत ती प्रयोगशाळेत काम करून आली होती, तिच्या हाताला ती सवयच होती. मला मात्र जेल नेहमी तयार मिळालं होतं. घट्ट झाकणाची बाटली उकळली तर वाफ कुठे जाणार, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

सरांनी कागद आधी वाचला आणि वर लाल पेनाने लिहिलं, 'वा!'

परीक्षेच्या दिवशी खोलीत माझ्याशिवाय कोणी नव्हतं. काचेपलीकडे सर वर्तमानपत्र उघडून बसले होते, शेजारी ताई. मी पूड घातली, पाणी घातलं, झाकण घट्ट लावलं, हलवलं. बाटली मायक्रोवेव्हमध्ये ठेवून बटण दाबलं. बाटली फिरायला लागली.

बुडबुडे दिसेनात. पाणी गप्पच होतं. मला वाटलं, ताईच्या पद्धतीत असंच होत असेल, ती काय चुकणार आहे? मशीन थांबलं. कागद म्हणत होता, बाटली काढून पुन्हा हलवा. जाड हातमोजा घालायचा असतो, तेही कुणालाही कळतं म्हणून कापलेलं असावं. मी मळका टॉवेल घेतला, दार उघडलं आणि बाटली उचलली.

तेव्हा काचेवर काहीतरी हललं. मी मान वळवली. ताईने तळहात काचेवर टेकवला होता. तोंड उघडं, चेहरा पांढराफटक. मग तिने सरांकडे पाहिलं. आणि हात हळूच खाली घेतला.

तेवढ्यात बाटली फुटली.

मान वळली होती म्हणून डोळे वाचले. उजव्या हाताची सालपटं निघाली, कानामागे काच घुसली. मी ओरडले असेन, पण मला आठवतं ते एवढंच, की स्वच्छ काचेवर तिच्या तळव्याचा ओलसर ठसा उमटला होता आणि तो हळूहळू विरत होता.

सर हादरले होते. त्यांनी स्वतः माझा हात नळाखाली धरला. डोळ्यांवर चष्मा आणि पुढे जाड पारदर्शक पडदा सक्तीचा झाला. पण परीक्षा बंद झाली नाही. "यातून तरी शिका," सर वर्गाला म्हणाले. ताईला पुन्हा लिहून द्यायला सांगितलं. शून्य मिळालं नाही. ती बोलली कुठे होती?

घरी आत्याने माझा बांधलेला हात पाहून छातीला हात लावला. "जिवावरचं बोटावर निभावलं गं बाई! झालं तरी काय?"

मी ताईकडे पाहिलं. मला वाटलं, आता सांगेल. निदान रडेल.

"बाटली फुटली," ताई म्हणाली आणि पानं वाढायला घेतली.

दोन शब्द. कात्रीसरांनाही त्यातून काही काढता आलं नसतं. मला भयंकर राग आला.

हात बरा झाल्यावर माझी लिहायची पाळी आली. करायचं होतं ताईने. तीव्र ॲसिड पाण्यात ओतून सौम्य करायचं, मग पुढची मोजमापं. मी शब्दांची कंजुषी केली नाही. हातमोजे, चष्मा, आधी पाणी, मग ॲसिड, किती सावकाश, थांबायचं कुठे, सांडलं तर काय करायचं. सरांनी पानभर लाल रेघा मारल्या. मी एकही शब्द काढला नाही. दोन सारख्या बाटल्या भरल्या, त्यांवर माझ्या हाताने नावं लिहिली आणि काचेपलीकडे जाऊन बसले.

ताईने कागद वाचला. पुन्हा वाचला. पहिली बाटली उचलली, नाव पाहिलं, खाली ठेवली. दुसरी उचलली. दोन्हींतलं पाण्यासारखंच स्वच्छ. मग तिने वळून माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांनीच ती विचारत होती, आणि काय विचारत होती ते मला लख्ख कळत होतं.

कागदात काही सुटलं नव्हतं. नावं बरोबर होती. नुसती मान हलवली असती तरी तिचा जीव भांड्यात पडला असता, आणि मान हलवणं म्हणजे काही बोलणं नव्हे.

मी हात मांडीवर ठेवले आणि तिच्याकडे बघत राहिले.