चव जाईपर्यंतचे आठ दिवस

मित्रांनो, मी एका घरातला जुना संगणक आहे. मेजावर बसणारा, पोटात पंखा असलेला, जागा अडवणारा. मुद्दाम बसून हकिकत सांगावी असं माझ्या हातून काही घडलेलं नाही. जे घडलं ते माझ्या पोटात घडलं आणि मी नुसता बघत राहिलो. तरी सांगतो. नीट जमलं नाही तर समजून घ्या.

माझा जन्म एका छोट्या दुकानात झाला. पडदा एकाचा, पेटी दुसऱ्याची, पंखा कुठल्याशा बंद पडलेल्या यंत्रातला. जोडणाऱ्याने शेवटचा स्क्रू पिळून माझ्या पाठीवर थाप मारली आणि सांगितलं की हा दहा वर्षं कुरकुरणार नाही. मी पहिल्याच वर्षी कुरकुरायला लागलो, पण काम सोडलं नाही. घरात आलो तेव्हा आईंनी माझ्यासाठी फुलांच्या नक्षीचा अभ्रा शिवला होता. पुढे तो कधीतरी फरशी पुसायला गेला. त्याबद्दल माझी तक्रार नाही. म्हणजे, थोडी आहे.

घरात माणसं तीन. बाबा, आई आणि त्यांची लेक. बाबांनी चाळीस वर्षं एका चहाच्या कंपनीत चहा चाखण्याचं काम केलं. घोट तोंडात घोळवायचा, थुंकायचा आणि वहीत एक शब्द लिहायचा: तुरट, भरलेला, पोकळ. प्रत्येक घोटानंतर गार पाण्याने चूळ भरायची आणि जीभ कोरी होईपर्यंत थांबायचं, कारण एकाची चव दुसऱ्याच्या नावावर जाता कामा नये. आळीत त्यांना सगळे पारखीकाका म्हणत. भाजी आणायला गेले की तास लागे. आई म्हणायच्या, "लग्नाच्या वेळी मात्र एका बैठकीत हो म्हणालात. तेव्हा चूळ भरायला विसरलात वाटतं."

लेक अंध मुलांच्या शाळेसाठी पुस्तकं तयार करते. साधं पुस्तक समोर ठेवून ती मजकूर माझ्यात उतरवते, मग त्याचे ब्रेलचे ठिपके होतात आणि शाळेतल्या यंत्रावर जाड कागदावर उमटतात. मजकूर उतरवणं सोपं. अवघड असतात चित्रं. चित्र शब्दांत सांगावं लागतं, तेही ज्याने कधी चित्र पाहिलेलं नाही त्याला. त्या वर्षी विज्ञानाचं पुस्तक होतं, अकरा धड्यांचं. शाळा उघडायच्या आत ते मुलांच्या हातात पडायला हवं होतं. आठ धडे छापून झाले होते. नववा आणि दहावा माझ्यात तयार होता. अकरावा धडा होता प्रकाशाचा. त्या एका धड्यावर लेकीने नऊ दिवस घालवले. लिहायची, डोळे मिटून स्वतःलाच वाचून दाखवायची, खोडायची. पूर्ण झाला त्या दिवशी तिने माझ्यावरची धूळ स्वतःच्या ओढणीने पुसली.

या पुस्तकाचं काम सुरू झालं त्याच सुमारास, म्हणजे काही महिने आधी, बाबांनी वर्तमानपत्रात संगणकातल्या व्हायरसबद्दल वाचलं आणि मला पहारेकरी नेमायचं ठरवलं. लेक म्हणाली, "बाबा, कुठलाही एक चांगला अँटिव्हायरस बघा आणि टाका. माझं पुस्तक आहे त्यात."

"कुठलाही म्हणजे काय? कुठलाही म्हणण्याचा पगार नव्हता मला."

त्यांनी नवी वही काढली. पाच अँटिव्हायरस निवडले. पाचही महिनाभर फुकट वापरायला मिळणारे. प्रत्येकाला रकाने आखले: वेग, पहारा, कटकट. आणि मित्रांनो, पहिलंच काम त्यांनी काय केलं असेल? माझ्या प्रणालीबरोबर आलेला एक साधा पहारेकरी माझ्यात आधीपासून होता. दिसायला गरीब, पण इमानी. बाबांनी तो बंद केला. चाचणीत त्याची चव मिसळायला नको म्हणून.

मी कोपऱ्यात पिवळी खूण दाखवली. त्यांनी ती झाकली. मी परत दाखवली. "कटकट," असं म्हणून त्यांनी ती कायमची बंद केली. मला बोलता येत नाही याचा इतका संताप मला कधीच आला नव्हता. पंखा जोरात फिरवला, तर आई म्हणाल्या की उकडतंय बिचाऱ्याला.

पहिला अँटिव्हायरस इतका कसून तपासायचा की लेकीचा धडा उघडेपर्यंत तिचा चहा पिऊन व्हायचा. बाबांनी लिहिलं, "जड, घशाला चिकटणारा." दुसरा दर अर्ध्या तासाला लाल चौकट काढून घाबरवायचा आणि खाली विकत घेण्याचं बटण ठेवायचा. "नुसता वास, अंगात काही नाही." तिसरा मात्र चांगला निघाला. गुपचूप काम करायचा, गरज असेल तेव्हाच बोलायचा. त्याला दहापैकी साडेआठ मिळाले. मला वाटलं, सुटलो. लेकही म्हणाली की हाच ठेवू या. पण बाबांनी मान हलवली. अजून दोन चाखायचे राहिले होते.

प्रत्येक महिन्यानंतर बाबा काय करत हे घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. जुना अँटिव्हायरस काढून टाकत आणि नवा टाकण्याआधी मला आठ दिवस तसाच ठेवत. कोरा. आधीच्याची चव पूर्ण जावी म्हणून. दोनदा ते आठ दिवस निभावले. तिसऱ्या खेपेला निभावले नाहीत.

पाचव्या दिवशी सकाळी लेकीला एक ईमेल आला. नाव शाळेचं होतं, सोबत दुरुस्त्यांची फाइल होती. ती शाळेच्या दुरुस्त्यांचीच वाट बघत होती. तिने फाइल उघडली. खरं म्हणजे उघडली मी. उघड म्हटलं की उघडतो, एवढंच मला येतं. साडेआठवाला असता तर त्याने हात धरला असता. आमचा साधा गरीब पहारेकरीसुद्धा निदान ओरडला असता. पाऊण तासात माझ्यातल्या प्रत्येक फाइलची नावं बदलली, एकही उघडेना, आणि पडद्यावर खंडणीची चिठ्ठी आली.

दुरुस्तीवाला घरी आला. त्याने सांगितलं की चोरांना पैसे देऊ नका, देऊनही काही मिळेल याचा भरवसा नाही. मग त्याने आत बघितलं आणि चष्मा काढला.

"काका, हा आतला पहारा कोणी बंद केला?"

"मी. चाचणी चोख व्हावी म्हणून."

"मग हे पाच दिवस इथे कोण होतं?"

"कोणी नाही," बाबा म्हणाले.

लेक दारात उभी होती. तिने आवाज चढवला नाही. "मला का नाही सांगितलंत?"

"तू नको म्हणाली असतीस."

"हो," ती म्हणाली. "म्हणाले असते."

माझं पोट धुवून काढण्यात आलं. आठ धडे शाळेत कागदावर होते म्हणून वाचले. बाकीचे तीन माझ्याबरोबर गेले. लेक चार दिवस बाबांशी बोलली नाही. आई दोघांना वेगवेगळं वाढायच्या आणि त्यांनीही कुणाला टोमणा मारला नाही, यावरून काय ते समजा.

पाचव्या दिवशी बाबा खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले. म्हणाले, "मी डोळे मिटून बसतो. तू सांग. कळलं नाही तर कळलं नाही म्हणेन. तेवढं मला येतं." मग तिने पाण्याचा पेला पुढे ठेवला, त्यात चमचा घातला आणि त्यांची बोटं पाण्यात बुडवली.

"हा वाकडा दिसतो, बाबा."

"मला तर सरळ लागतोय."

"बरोबर आहे. तुमचं बोट खरं, डोळा खोटा." ती टंकायला लागली.

शाळा उघडली तेव्हा मुलांना दहा धडे मिळाले. प्रकाश तीन आठवडे उशिरा पोचला. तिसरा अँटिव्हायरस परत आला, कायमचा. लेकीने एक बाहेर ठेवायची डिस्कही आणली. आता लिहिलेलं सगळं तिच्यात उतरवून ती कपाटात ठेवली जाते. बाबांनी ती उलटसुलट करून बघितली.

"हीच का घेतलीस?"

"दुकानात होती म्हणून."

बाबांनी वही उघडलीसुद्धा नाही.

मित्रांनो, निवड करा, हवा तेवढा वेळ घ्या. पण नवा येईपर्यंत जुन्याला घालवू नका, आणि मन लावून केलेलं काम एकाच पोटात ठेवू नका, ते पोट कितीही इमानी असलं तरी. आमच्यासारख्यांना हाक मारता येत नाही. आम्ही फक्त पंखा फिरवू शकतो.

लेक म्हणते, प्रकाशाचा पहिला धडा जास्त चांगला होता. बाबा म्हणतात, आताचा. दोन्ही शब्दन्शब्द पोटात साठवलेला या घरात मी एकटाच. पण माणसं खोलीत होती म्हणून मला आठवतात. तो पहिला धडा पोटात होता, आणि पोट धुतलं गेलं. त्यातला एक शब्दसुद्धा मला सांगता येत नाही.