चिमणीचा कप्पा

"माझं मागे काहीच राहू नये," चिमणी म्हणाली आणि लगेच खाली बसली.

वर्गात हशा पिकला. दहावीची पोरं ती. तासाभरात कुणी दवाखाना काढला होता, कुणी पूल बांधला होता, एकाने तर चौकात स्वतःचा पुतळाच उभा केला होता. 'आयुष्यात काय व्हायचंय आणि आपल्यामागे काय राहावं?' हा प्रश्न बाईंनीच मोठ्या हौसेने फळ्यावर लिहिला होता. त्यांनाही हसू आवरलं नाही. "बरं, पुढची," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी चिमणीची जागा रिकामी होती.

बाई त्या बाकाकडे पुन्हापुन्हा बघत होत्या. शाळेत त्या याच वर्षी बदलून आल्या होत्या. या मुलीबद्दल त्यांना ठाऊक तरी काय होतं? अंगाने बारीक, आवाज त्याहून बारीक, म्हणून सगळे चिमणी म्हणतात, एवढंच. घरी फोन लावला, लागेना. पुन्हा लावला. मुख्याध्यापक म्हणाले, "ताप-बीप असेल हो. कशाला जिवाला घोर लावून घेताय?"

पण घोर लागायचा तो लागलाच. मधल्या सुट्टीत पत्ता विचारून त्या निघाल्या. रस्ताभर एकच गोष्ट मनात टोचत होती. ती तसं म्हणाली आणि आपण हसलो. वर 'पुढची' म्हणालो.

तिसऱ्या मजल्यावरचं दार चिमणीनेच उघडलं. नाक लाल, गळ्याला मफलर. बाईंनी चौकट घट्ट धरली.

"बाई, तुम्ही? सर्दी झालीय मला. आईचा फोन बिघडलाय, म्हणून कळवता नाही आलं."

"ते राहू दे. काल वर्गात तसं का म्हणालीस गं?"

चिमणी बाजूला सरली. मग तिने बाईंना आतल्या खोलीत नेलं. भिंतभर फोटो, फळीवर पोहण्याच्या स्पर्धांचे कप, सुरकुतीही नसलेली चादर घातलेला पलंग, कपड्यांनी गच्च भरलेलं कपाट. टेबलाखाली एक गुंडाळलेली गादी आणि खुर्चीवर कपड्यांची पिशवी, तेवढं चिमणीचं.

"ताईचं आहे सगळं. दोन वर्षं झाली तिला जाऊन." ती नाक पुसत म्हणाली, "सगळं तसंच ठेवलंय. माझ्यामागे कुणाची अशी अडचण नको, म्हणून म्हटलं."

बाईंनी गुंडाळलेल्या गादीकडे पाहिलं. "आणि व्हायचंय काय तुला?"

"ते नाही ठरवलं अजून. आधी कपडे ठेवायला एक कप्पा मिळाला तर बरं होईल."

मागे काहीतरी वाजलं. ओल्या हातांनी आई दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. आता ही आपल्याला घालवून देणार, असं वाटून बाई निघायलाच लागल्या.

"मला कधी बोलली नाहीस ते?" आईने विचारलं.

"तू रडतेस ना."

आईने हात पदराला पुसले, कपाट उघडलं आणि खालच्या कप्प्यातले स्वेटर एकेक करून बाहेर काढले. एक नाकाशी धरला. सगळी चळत उराशी घेऊन ती खोलीभर बघत राहिली. ठेवायला जागा दिसेना.

बाईंनी दोन्ही हात पुढे केले. आईने चळत त्यांच्या हातांवर ठेवली, पण स्वतःचे हात तिला लवकर काढवेनात.