न वाजलेलं शेवटचं पान

ब्लांकाने बाळाच्या तोंडात पुन्हा चोखणी दिली आणि मागच्या बाकावरून मान उंच करून सासऱ्यांचे हात शोधले. ओटाकर सगळ्या वादकांच्या मागे, चर्चच्या खांबाशी, आपल्या दोन तांब्याच्या नगाऱ्यांपुढे उभे होते. कोटाची बटणं वरखाली लागलेली. निघताना हे आपल्या नजरेतून सुटलं कसं?

"संचालनाची काठी हातात आली की तुझा नवरा भारदस्त दिसतो गं," शेजारच्या कोलारोवाबाई कुजबुजल्या. "पण ही सिंफनी म्हणे आपल्याच गावच्या मास्तरची. दोनशे वर्षं कुणी विचारलं नाही, ते काही उगाच नसेल."

ब्लांका नुसतं हसली.

हिवाळाभर तिने ही सिंफनी स्वयंपाकघरात ऐकली होती. राडेक सुरावट गुणगुणायचा आणि त्याचे वडील लाकडी चमच्यांनी टेबलावर नगारे वाजवायचे. शेवटाकडे सगळी वाद्यं एकदम थांबतात. संपलं असं वाटतं. मग त्या शांततेत एकटा नगारा हलकेच सुरू होतो आणि सुरावट परत येते.

"इथे सगळे फसणार बघ," ओटाकर डोळे मिचकावून म्हणायचे.

अलीकडे मात्र पुढचं विसरून चमचे हवेतच राहू लागले होते. राडेक घरी नसताना ते एकटेच वाजवत, तेव्हा तर हमखास.

"त्याला एवढ्यात सांगू नकोस, पोरी," ते म्हणाले होते. "ही एवढी सिंफनी होऊ दे."

तिने सांगितलं नव्हतं.

आता चर्चमध्ये वाद्यं थांबली. राडेकने डावा हात वडिलांकडे केला. ओटाकरांच्या काठ्या वर होत्या. ते मुलाकडे कौतुकाने पाहत होते, श्रोत्यांतलाच एखादा पाहील तसे. बाळाच्या पाठीवर ब्लांकाची बोटं आपोआप ताल धरू लागली. तिथून तिला दुसरं काय करता येणार होतं?

पुढच्या रांगेत कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळं चर्च टाळ्यांनी वाजू लागलं.

राडेकचा हात क्षणभर तसाच राहिला. मग त्याने काठी खाली ठेवली, लोकांकडे वळला आणि वाकून नमस्कार केला.

"शेवट मात्र गोड केला हं," कोलारोवाबाई म्हणाल्या. "उगाच धडामधुडूम नाही."

बाहेर चौकात ओटाकर धुसफुसत होते.

"लोकांना दम म्हणून नाही. मला वाजवूच दिलं नाही."

"हो ना, बाबा. घाईच केली त्यांनी," राडेक म्हणाला. "पुढच्या वेळी आधीच सांगून ठेवू."

मग तो हळूच ब्लांकाला म्हणाला, "तुला माहीत होतं."

ती बाळाची टोपी सारखी करत राहिली.

चौकाच्या टोकाला रस्ता फुटतो, तिथे ओटाकर थांबले. त्यांनी एकीकडे पाहिलं, मग दुसरीकडे.

"चला बाबा, याला भूक लागलीय," ब्लांका म्हणाली आणि तिने बाबागाडी घराच्या बाजूला वळवली. अगदी सावकाश. ते नातवाच्या मागून चाललेत, एवढंच कुणालाही दिसावं म्हणून.