असा काका सगळ्यांना मिळो

वाचनालयात सगळी पोरं तिला आत्या म्हणायची. सख्खी आत्या ती एकाचीच होती. तो भाचा मोठा होऊन कुठल्या कुठे गेला, पण नाव मागे ठेवून गेला. आता तर वर्गणी भरायला आलेले म्हातारे आजोबासुद्धा "आत्या, पावती" म्हणायचे.

तिच्याकडे कुमार विभाग होता. म्हणजे ज्यांना मिसरूड फुटायची घाई झालेली असते आणि ज्यांच्या खोलीचं दार घरात कायम बंद असतं, अशा पोरांचा. या वयाच्या पोराला "तुला काय वाचायला आवडतं?" असं विचारलं तर तो खांदे उडवतो आणि फोनमध्ये तोंड घालतो. आत्या हा प्रश्न कधी विचारायचीच नाही. ती टेबलावर कोपरं टेकून, कट शिजवत असल्यासारखं हळूच विचारायची, "सध्या कोणावर चिडलायस?"

याला मात्र उत्तर यायचं.

"गणिताच्या सरांवर." मग त्याला ती कादंबरी, ज्यात अख्खा वर्ग ठरवून बोलणंच बंद करतो आणि मास्तर वेडा व्हायची पाळी येते. "आईवर." मग ती, ज्यात मुलीला इंटरनेटवर आईचं कॉलेजातलं जुनं खातं सापडतं आणि आई तेव्हा काय काय लिहायची ते बघून तिची बोलतीच बंद होते. "कोणावरच नाही," असं म्हणणाऱ्याकडे आत्या चष्म्यावरून बघायची. "म्हणजे स्वतःवर," म्हणायची, आणि पोहणं अर्ध्यात सोडलेल्या मुलाची गोष्ट त्याच्या हातात द्यायची. सगळी ताजी पुस्तकं, त्यांच्याच वयाच्या पोरांची, त्यांच्याच भाषेत भांडणारी. आधी ती स्वतः वाचायची, कव्हरपासून कव्हरपर्यंत, आणि मग प्रत्येकाखाली फळीला स्वतःच्या हाताने लिहिलेलं कार्ड चिकटवायची. कार्डाचे नियम दोन. शेवट सांगायचा नाही, आणि "छान आहे" लिहायचं नाही. "छान आहे म्हणणाऱ्याने पुस्तक वाचलेलं नसतं," असं तिचं पक्कं मत होतं.

मग आला दीर.

दीर रेडिओवर होता. आवाज असा, की त्याने वीज जाणार असल्याचं सांगितलं तरी लोक नटूनथटून वाट बघतील. रेडिओ केंद्रच बंद पडलं आणि तो घरी बसला. नवरा रोज तोंड पाडून जेवायला लागला, तेव्हा आत्यानेच मोठ्या बाईंना, म्हणजे मुख्य ग्रंथपालांना, गळ घालून त्याला वाचनालयात चिकटवला. काम सोपं होतं. बंद व्हायच्या वेळेला माइकवरून लोकांना बाहेर काढायचं, आणि कार्यक्रम असला की दोन शब्द बोलायचे.

एक दिवस जेवताना नवऱ्याने फोन पुढे केला. "बघ गं, कसा बोलतोय आपला पठ्ठ्या!"

फोनमध्ये दीर, मागे पुस्तकांची फळी. "नमस्कार दोस्तांनो, मी तुमचा लाडका पुस्तककाका! आजचं पुस्तक तुम्हाला रडवत नाही. ते नुसतं शेजारी येऊन बसतं, आणि तुम्ही रडायची वाट बघतं."

आत्याचा घास हातातच राहिला. ही ओळ तिची होती. त्या ओळीसाठी तिने पुस्तक दोनदा वाचलं होतं आणि एक कार्ड फाडून टाकलं होतं.

"ही माझी ओळ आहे."

"असेल," नवरा म्हणाला. "तुझ्या चार ओळी, त्याचा आवाज. घरातल्या घरातच तर आहे."

दुसऱ्या दिवशी तिने दिराला वर्तमानपत्रांच्या खोलीत गाठलं. "भाऊजी, तुम्ही ते पुस्तक वाचलंत?"

"वहिनी, मी पुस्तकाचा आत्मा पकडतो."

"आत्मा माझ्या कार्डावर होता."

"आपण काय परके आहोत का?" आणि तो असा गोड हसला, की शेजारी पेपर वाचणारे दोघे त्याच्या बाजूचे झाले.

दर सोमवारी सकाळी, दारं उघडायच्या आधी, दीर फळ्यांसमोरून फोन फिरवत जायचा. आठवडाभर पुरेल इतकी कार्डं टिपायची आणि दुपारी एकेक बोलायचं. बघता बघता पुस्तककाका गावभर झाला. आया थांबवून त्याच्याबरोबर फोटो काढायला लागल्या. पुस्तकांना मात्र अजून त्याचा हात लागला नव्हता.

इथपर्यंतही आत्याने सोडून दिलं असतं. पण मोठ्या बाईंनी तिला बोलावलं. वरच्या मजल्यावर कुमारांसाठी नवी खोली होणार होती. मोठ्या खिडक्या, लोळायला गाद्या, भिंतभर फळ्या. आत्याने आयुष्यभर मागितलेली खोली.

"उद्घाटनाला पुस्तककाका बोलतील," मोठ्या बाई म्हणाल्या, "आणि खोली त्यांच्याकडेच द्यावी म्हणते मी. पोरांना ते आवडतात. तुम्ही खाली बांधणीला जा. तुमचा हात चांगला आहे, फाटकी पुस्तकं नीट चिकटवाल."

आत्या हसली. ती अशी हसली की, आत काही ठेवलं तर नाही ना म्हणून, घरातली माणसं बूट झटकून मगच पायात घालायची. पण मोठ्या बाईंना ते कुठून माहीत असणार?

आता जिरवायची होती. पण कशी, ते पोरांनीच सुचवलं.

त्या वर्षी कुमार विभागात एकाच पुस्तकाचं वेड होतं. "आतून कडी". आईवडील नसलेली मुलगी काकाकडे राहते. काका जगाशी असा बोलतो, की तोंडातून साखर सांडावी. तिला भेटी आणतो, पाहुण्यांसमोर कौतुक करतो, आणि हळूहळू तिचे निरोप वाचतो, मैत्रिणींना "ती आजारी आहे" म्हणून परत पाठवतो, शेवटी तिच्या खोलीची आतली कडीच काढून टाकतो. विभागातल्या यच्चयावत पोरांनी ते वाचलं होतं. कोणी फार गोड बोलायला लागलं की पोरं एकमेकांना कोपराने ढोसून म्हणायची, "कडीतला काका!"

तर एका दुपारी दिराने एका पोराच्या हातातून फोन काढून घेतला. "बाळा, पुस्तकं बघ, पुस्तकं," असं तुपात घोळवून म्हणाला. पोरगा निर्लज्जपणे म्हणाला, "काका, तुम्ही अगदी 'आतून कडी'तले काका आहात."

दिराने छातीवर हात ठेवला. "थँक्यू, बेटा!"

अख्खा विभाग पुस्तकांमागे तोंडं लपवून हसला. आत्या हसली नाही. ती टेबलाखाली गेली, पेन शोधायच्या निमित्ताने, आणि तिथे बसून बराच वेळ खूश झाली.

रविवारी तिने कार्ड लिहिलं. मन लावून, कमावलेल्या अक्षरात. "आतून कडी: प्रेम कसं करावं ते या पुस्तकातल्या काकाकडून शिकावं. तो पोरीला फुलासारखं जपतो. असा काका सगळ्यांना मिळो." उद्घाटनाच्या आधीचा तो शेवटचा सोमवार. तिने खरं कार्ड काढलं, हे लावलं आणि कपाटाआड उभी राहिली. दीर आला, फोन फिरवला. या कार्डापाशी थांबला. परत वाचलं. "हे उद्घाटनाला," असं पुटपुटत, आपल्यासाठीच लिहिलंय असं वाटल्यासारखा मान डोलवून पुढे गेला.

मासा गळाला लागला. आता कार्ड लगेच काढायचं, एवढंच काम राहिलं होतं. आणि नेमकी तेव्हाच मोठ्या बाईंनी हाक मारली. बांधणीच्या खोलीतला डिंक दाखवायचा होता त्यांना. डिंक बघता बघता, कात्र्या मोजता मोजता दुपार झाली. आत्या धावत वर आली, तर फळीसमोर स्टुलवाली उभी होती.

स्टुलवाली म्हणजे खिडकीशेजारच्या स्टुलावर बसून वाचणारी मुलगी. डोळ्यांवर केस, आवाज जेमतेम. पहिल्यांदा आली तेव्हा आत्याने नेहमीचा प्रश्न विचारला होता. पोरीने आधी केस डोळ्यांवर आणखी ओढले. मग म्हणाली, "काकावर. मी त्याच्याकडेच राहते. पण तो वाईट नाहीये. सगळे म्हणतात चांगला आहे." आत्याने "आतून कडी" काढून दिलं होतं. पुस्तक परत करताना पोरगी एवढंच म्हणाली, "मला वाटायचं माझंच डोकं फिरलंय." त्यानंतर ती गावातल्या मावशीला फोन करायला लागली होती आणि शनिवार-रविवार तिच्याकडे राहायला.

ती पोरगी आता ते कार्ड वाचत होती. असा काका सगळ्यांना मिळो. अक्षर आत्याचं. तिने वळून आत्याकडे पाहिलं, दप्तर उचललं आणि गेली.

तेव्हाच मागे धावून सांगायला हवं होतं. आत्या दारापर्यंत गेलीही. पण सांगितलं तर पोरगी कुणाला बोलेल, ती दुसऱ्या कुणाला, आणि पोरांच्या पोटात काही राहतं थोडंच? एवढा जमलेला बेत. तिने कार्ड काढून खिशात घातलं आणि स्वतःला म्हणाली, शनिवारी सांगू. शनिवारी उद्घाटन होतं. आठवडाभर स्टूल रिकामं राहिलं. आत्या स्टुलाकडे पाठ करून बसायला लागली.

शनिवारी खोली पोरांनी आणि आयांनी गच्च भरली. मोठ्या बाई पुढे, नवरा दुसऱ्या रांगेत, भावाकडे बघून फुललेला. आत्या मागे, भिंतीला टेकून. बांधणीचा एप्रन मुद्दाम घालून आली होती.

दीर माइकसमोर आला. आवाजाने खोली गरम झाली. "दोस्तांनो, मला विचारतात, काका, तुमचं सगळ्यात आवडतं पुस्तक कोणतं? तर ते म्हणजे 'आतून कडी'!"

पोरांनी शिट्ट्या मारल्या.

"आणि त्यातला काका! प्रेम कसं करावं ते त्याच्याकडून शिकावं. फुलासारखं जपतो तो पोरीला." त्याने डोळे मिटले, हात पसरले. "असा काका सगळ्यांना मिळो! आणि तुम्हाला तर तो मिळालाच आहे!"

पोरांनी एकमेकांकडे बघितलं. मग कुठून तरी एकच शब्द आला. "काय?"

मग तोच फोनवाला पोरगा उभा राहिला. अंगात सात राक्षस आणि चेहरा देवाचा. "काका, तुम्हाला त्या काकाचा कुठला प्रसंग सगळ्यात आवडला?"

"तो... तो तिला जवळ बसवून समजावतो ना, तो."

"तिचा फोन भिंतीवर आपटतो त्याच्या आधीचा की नंतरचा?"

"नंतरचा," दीर म्हणाला. आवाज अजून मखमली होता.

पहिला हशा मागून उठला आणि पुढे येईपर्यंत त्याची लाट झाली. पोरी एकमेकींच्या खांद्यावर कोसळल्या. "कडीतला काका! कडीतला काका!" आयांना कळेना. मुलांनी कानात सांगितलं आणि आयांचेही चेहरे बदलले. दिराने घाम पुसला, गर्दीवरून नजर फिरवली आणि त्याला एप्रन दिसला.

"वहिनी!" माइक चालूच होता. "वहिनी, हे तुम्हीच लिहिलंय! कार्डं तर सगळी तुमचीच असतात!"

भिंतीवरच्या स्पीकरमधून ते खोलीभर घुमलं. कार्डं तर सगळी तुमचीच असतात. मोठ्या बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"कुठलं कार्ड, भाऊजी?" आत्या मागूनच म्हणाली, अगदी लोण्यासारखी. "तुम्ही तर पुस्तकाचा आत्मा पकडता ना?"

त्यानंतर पुस्तककाका दिसले नाहीत. दीर राहिला, बंद व्हायची वेळ सांगायला. खोली आत्याकडे आली. घरी नवरा भिंतीकडे तोंड करून जेवला. "घरातल्या माणसाची अशी चारचौघांत लाज काढायची?"

"घरातल्या बाईचं रोज चारचौघांत वाचत होता, तेव्हा तुला फार गोड लागत होतं," आत्या म्हणाली आणि आणखी एकदा वाढून घेतलं. त्या दिवशी तिला अन्न फार गोड लागत होतं.

सोमवारी नव्या खोलीत स्टुलवाली आली. टेबलासमोर उभी राहिली.

"ये गं! सध्या कोणावर चिडलीस?" आत्याने लाडात विचारलं.

"तुमच्यावर."

आत्याचं हसू तिथेच विझलं. "अगं, ते कार्ड खोटं होतं. भाऊजींना फसवायला लावलेलं. शनिवारी उद्घाटनाला तू खोलीत..."

"होते. कळलं मला." पोरीने डोळ्यांवरचे केस बाजूला केले. "पण आठवडाभर कळलं नव्हतं. मला वाटलं, तुम्हालाही तो चांगलाच वाटला. मी मावशीला फोनसुद्धा केला नाही."

आत्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

पोरीने दप्तरातून एक जाडजूड पुस्तक काढलं. पाट करून बसावं एवढं. "हे वाचा. सुरुवात जरा संथ आहे, पण शेवट कमाल आहे. मध्येच सोडू नका."

आत्या कृतकृत्य झाली. माफी एवढ्या स्वस्तात मिळेल असं तिला वाटलं नव्हतं. त्याच दिवशी वाचायला बसली. गोष्ट एका दीपगृहाची होती, त्यात एक दिवा होता, आणि तो पुसायचा होता. तो पुसला जात होता. पहिला भाग संपला, दुसरा संपला, दिवा अजून पुसला जातच होता. आत्याचे डोळे दुखले, मान धरली, नवऱ्याशी अबोला संपला तरी पुस्तक संपेना. पण पोरीने सांगितलं होतं, शेवट कमाल आहे. ती एकेक पान रेटत राहिली, आता येईल, आता येईल म्हणत.

शेवटच्या पानावर दिवा विझला. पान उलटलं तर मागच्या पुठ्ठ्याला आतून एक कार्ड चिकटवलेलं. अक्षर बारीक, वळणदार.

"कमाल वगैरे काही नाही. तुम्हालाही कळायला एक आठवडा लागला ना? आता आपली बरोबरी. मी मावशीकडे राहायला आलेय. खिडकीशेजारचं स्टूल वरच्या खोलीत आणा, गादीवर मला झोप येते."

आत्या अशी खदखदून हसली, की नवरा धावत बाहेर आला.

"एवढं चांगलं आहे का पुस्तक?"

"भयंकर आहे." तिने डोळे पुसले. "इतकं वाईट मी जन्मात वाचलं नाही."

"मग सगळं वाचलंस कशाला?"

"ज्या पोरीने सांगितलं ना," आत्या कार्ड जपून काढत म्हणाली, "तिच्यावर माझा विश्वास होता."