रुक्मिणबाईंच्या ओवीतला पंखा

मित्रांनो, जरा मान वर करून बघा. नांदेडच्या या छोट्या खोलीत छताला लटकलेला जुना पंखा तो मीच. कारखान्यातून आलो तेव्हा नुसती झुळूक द्यायचो, आवाज म्हणून नव्हता. पुढं एका शिंप्याच्या दुकानात वर्षानुवर्षं राबलो आणि हाडं खिळखिळी झाली. आता फिरतो तसा कुरकुरतोही. दुकान बंद पडलं तेव्हा मी भंगारातच जायचो, पण नागसेन आणि ज्योत्स्ना या नवराबायकोनं मला इथं आणलं.

माणसं मोठ्या मनाची. दोघं मिळून लोकगीतं आणि बसल्या जागी सुचलेली गाणी रेकॉर्ड करतात आणि जगाला ऐकवतात. कंपनीचं नाव ‘पाझर’. कंपनी कसली, ही दोघं, आवाज घुमू नये म्हणून भिंतींवर टांगलेल्या वाकळा आणि एक माइक. धर्माबादचा हलगीवाला असो की नायगावचा गोंधळी, एकदा रंगला की त्याला अडवायचं नाही आणि नंतर कात्री लावायची नाही, हा त्यांचा नेम. माझं मात्र नशीब बघा. पाहुणा आला की मला चालू करायचं, माइक लागला की बंद. गरज सरो, वैद्य मरो! भर मे महिन्यात घामानं निथळत बसतील, पण माझी कुरकुर नको. मला लई राग यायचा. मग कुणीतरी जीव ओतून गायचं आणि राग विसरून मीही ऐकत राहायचो.

एकदा उमरीहून रुक्मिणबाई आल्या. त्यांच्या आईच्या जात्यावरच्या ओव्या गावात आता त्यांनाच येत होत्या. घरचं जातं कधीच फुटलं होतं आणि लेकीसुनांनी ओव्या शिकल्या नव्हत्या. माइक लागला, मी थांबलो. खोली चिडीचूप झाली, पण बाईंच्या तोंडून शब्द निघेना.

“आठवून राहिले बाई, पन इतकं गप्प असलं की बोलच फुटंना,” त्या ज्योत्स्नाला म्हणाल्या. “माझ्या बयाचं, माझ्या मायचं गानं आता माझ्यासंगंच जाईन.”

त्यांचे डोळे भरले. “राहू द्या मावशी, थोडा वारा घ्या,” म्हणत ज्योत्स्नानं मला चालू केलं. माइक तसाच चालू राहिला.

मी कुरकुरायला लागलो. थोड्या वेळानं बाईंचा हात जमिनीवर गोल फिरू लागला, जात्याचा खुंटा धरल्यागत. आणि गळा मोकळा झाला:

“पंखा फिरतो डोईवरी, कुरकुर करी जात्यावानी
माझी बया गाती सई, माझ्या मुखाच्या बोलानी…”

नागसेनचा हात सवयीनं माझ्या बटणाकडं गेला. माझा जीव टांगणीला लागला. मी थांबलो असतो तर ओवीही थांबली असती. ज्योत्स्नानं मान हलवली आणि त्यानं हात मागं घेतला. मग काय, बाई अशा गायल्या की उन्हं कलली तरी ओव्या सरेनात.

गाणं संपल्यावर नागसेननं त्यांच्या कानांना हेडफोन लावला. बाई डोळे मिटून ऐकत राहिल्या.

“ही मी न्हाई,” त्या हळूच म्हणाल्या. “ही माझी बया हाय.”

नंतर त्या ओव्या ऐकून काही जणांनी कळवलं, पंख्याचा आवाज तेवढा काढून टाका. नागसेननं तो ठेवला. त्याच्यासारखा माणूस मला भेटला, याचा मला अभिमान आहे.

मित्रांनो, तुमच्या घरीही कुणी म्हातारं माणूस काम करता करता गुणगुणत असेल. भांड्यांचा, मिक्सरचा आवाज थांबेल मग ऐकू, असं म्हणू नका. आहे त्या गलक्यात जवळ जाऊन बसा.