गोल चेहऱ्यांची सभा

पडद्यावर रक्ताचा थेंब उमटला आणि सभागृह चिडीचूप झालं. फिकट गुलाबी तबकड्यांच्या दाटीत जांभळे ठिपके अगदी थोडे, लांब लांब, एकेकटे.

"हे आपल्या ताईंचे शिपाई," रसगुरुजी म्हणाले. पांढरा कोट, खिशात हिरवा रुमाल, आवाज मधात बुडवून काढलेला. "रोगाशी लढणाऱ्या पेशी. पण थकल्यात बिचाऱ्या. काठी टेकत पहारा देतात. चोर आला, तर आधी चष्मा शोधतील."

लोक खळखळून हसले.

"आणि हे आजचं रक्त. माझ्या पानांचा रस दोन महिने पोटात गेल्यावरचं."

चित्र बदललं. जांभळे ठिपके जिकडेतिकडे उगवले होते. टाळ्यांचा पाऊस पडला.

"म्हातारी पेशी पुन्हा विशीत. ताई, जरा व्यासपीठावर या. हात न धरता."

पहिल्या रांगेतली बाई उठली, पायऱ्या चढली आणि लाजून हसली. ती माझी मावशी होती.

आई गेल्यावर मावशीनेच मला वाढवलं. गणवेश शिवण्याच्या कारखान्यात ती काजं करायची आणि मशीनच्या ठेक्यावर गाणी जुळवायची. तिच्या शिलाईवर मी छातीच्या रोगांची डॉक्टर झाले. त्या सभेला तिनेच मला ओढत नेलं होतं. मी मागच्या रांगेत बसले होते आणि मला पडद्यापेक्षा माणसंच जास्त दिसत होती.

सगळे चेहरे गोल होते. बेकरीवाला, त्याची बहीण, निवृत्त पोस्टमन, सगळे एका आईची लेकरं वाटावीत असे. गाल फुगलेले, तुकतुकीत, लालसर, आणि हातपाय मात्र काटक्यांसारखे. गुरुजी त्याला 'तेज' म्हणत होते. मला माझ्या वॉर्डातले काही चेहरे आठवत होते.

घरी आल्यावर मी विषय काढला. मावशी खोकत होती.

"हा खोकला कधीपासून आहे गं?"

"तो खोकला नाही. जुना मळ निघतोय. गुरुजींनी आधीच सांगितलं होतं."

"तरुणपणी तुला क्षय झाला होता, मावशी. त्यातले काही जंतू मरत नाहीत, नुसते निजून राहतात. एक फोटो काढू छातीचा."

"तू शिकलीस तेव्हापासून माझ्या अंगात रोगच शोधतेस." तिने गुडघा वाकवून दाखवला. "याला विचार. किती वर्षांनी जमिनीवर मांडी घालतेय मी. आणि ते शिपाई? डोळ्यांनी बघितलेस ना? का तेही खोटे?"

"खोटे नाहीत," मी म्हटलं. "म्हणूनच भीती वाटतेय."

तिने पाठ फिरवली. ओट्याशी जाऊन रसाचं झाकण भरलं आणि माझ्याकडे न बघता पिऊन टाकलं.

मी तिची एक रिकामी होत आलेली बाटली घेतली. सभागृहाबाहेर शोभेला मांडलेल्या कुंड्यांतल्या गुरुजींच्या त्या थोर वनस्पतीची मूठभर पानंही खुडली. दोन्ही सरकारी औषध प्रयोगशाळेत दिलं. उत्तर आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा सभा होती.

मी व्यासपीठावर चढले, तेव्हा गुरुजी हसले. "या डॉक्टरबाई. दुकान बसलं वाटतं?"

"बाटलीत स्टिरॉइड आहे," मी माईकवर सांगितलं. "भरपूर."

"निसर्गाची देणगी. आमच्या पानातच असतं ते."

"पानंही तपासली. त्यांत नाही. बाटलीत बाहेरून घातलंय."

"अहो, वनस्पतीतल्या द्रव्यांवर मोठमोठे शास्त्रज्ञ काम करतायत."

"करतायत. काचेच्या बशीत म्हाताऱ्या पेशी घेऊन, डोळ्यांत तेल घालून. आणि माणसावर काय होईल ते अजून माहीत नाही, असं प्रामाणिकपणे लिहितायत. तुम्ही त्यांचं नाव लावून स्टिरॉइडच्या गोळ्या कुटून घालताय." मी लोकांकडे वळले. "स्टिरॉइडने चेहरा असा फुगतो, कातडी पातळ होते. शेजारच्याचा चेहरा बघा. मग बाही वर करा."

लोक एकमेकांच्या गालांकडे बघू लागले. मग पोस्टमनने सदऱ्याची बाही सारली. हातभर निळे-जांभळे डाग होते. बेकरीवाल्याने बघितलं आणि स्वतःची बाही सारली. मग रांगेरांगेने बाह्या वर जाऊ लागल्या. नुसता कापडाचा आवाज. प्रत्येकाला आजवर वाटत होतं, हा डाग आपल्या एकट्याचाच.

"पण शिपाई वाढले ते?" मागून कुणीतरी विचारलं.

"वाढले नाहीत. एरवी कितीतरी शिपाई रक्तवाहिनीच्या भिंतीला धरून आपापल्या चौकीवर बसलेले असतात. हे औषध त्यांची पकड सोडवतं. सगळे प्रवाहात वाहू लागतात आणि थेंबात गर्दी दिसते. चौक्या ओस पडतात. दुखणं थांबतं, भूक लागते, आणि मागच्या दाराने रोग आत येतो."

मावशीकडे बघायचं मी टाळत होते. बघितलं, तेव्हा तिची खुर्ची रिकामी होती.

मग एकच गलका झाला. खुर्च्या पडल्या, बाटल्या फुटल्या, जमिनीवर हिरवा चिखल झाला. त्यात गुरुजी केव्हा निसटले, कुणालाच कळलं नाही. मी घसा फोडून सांगत होते, "एकदम थांबवू नका. शरीर स्वतःचं स्टिरॉइड करायचं विसरलंय. हळूहळू उतरवावं लागतं. दवाखान्यात या." फसवलेल्या माणसाला त्या क्षणी बाटली फोडायची असते, सल्ला ऐकायचा नसतो. दारात उभी राहून मी एकेकाला धरून सांगितलं. बेकरीवाला हात झटकून निघून गेला. तीन दिवसांनी त्याला भट्टीपाशी पडलेला उचलून आणलं. रक्तदाब लागत नव्हता. तो वाचला नाही.

सभेच्या दिवशीच संध्याकाळी मी मावशीकडे पोचले. मोरीत बाटल्या उलट्या घातलेल्या होत्या.

"टाकलं सगळं," ती म्हणाली. "आता तरी खूश?"

"चल माझ्याबरोबर."

"चारचौघांत शोभा केलीस माझी."

"हो. चल."

ती आली. उतरत्या मात्रेत स्टिरॉइड वेळेवर सुरू झालं, त्यामुळे बेकरीवाल्यासारखं झालं नाही. पण छातीच्या फोटोत दोन्ही फुप्फुसं कापूस भरल्यासारखी पांढरी होती. निजलेला क्षय जागा होऊन घरभर हिंडला होता. आम्ही सगळी औषधं दिली. पहारा उठलेल्या घरात औषधं तरी किती लढणार?

शेवटी शेवटी तिच्या गालांची सूज उतरली आणि माझी खरी मावशी पुन्हा दिसू लागली, हाडांएवढीच उरलेली. तोंडावर मास्क बांधून मी जवळ बसायची. एकदा ती पुटपुटली,

"सुई बाई सुई, दोऱ्याची तू ताई,
उसवलं ते शिव, झाकू नको काही."

"नवं जुळवलंस?"

"लोकांना सांग." बराच वेळ ती श्वास गोळा करत राहिली. "पण गुडघे दुखायचे खरंच थांबले होते गं."

"हो, मावशी. खरंच थांबले होते."

एवढंच मी तुम्हाला सांगायला बसले आहे. फसवणाऱ्याने दिलेला आराम खोटा नसतो, म्हणून तर माणूस त्याच्या पाया पडतो. बरं वाटलं की लगेच हात जोडू नका. आत काय घातलंय ते विचारा. न सांगणाऱ्याची बाटली तपासायला द्या. घेत असाल तर घाबरून एकदम टाकू नका, डॉक्टरकडे घेऊन या. आणि शेजारच्या माणसाचा चेहरा ओळखू येईनासा झाला, तर त्याला तेज म्हणू नका. त्याची बाही वर करून बघा.